तिसरा सिलिंडर आणि तुमचे नारळ

ती. मधुमामांस,
देवेशचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे अर्ध्यातूनच उठलोय, गोड मानून घ्या). तुमचा गुडघा कसा आहे? मामी तुम्हाला अजून माडाखाली खुर्ची टाकू देते का? इकडे चारकोपला सगळं ठीक, एक पिकअप सोडली तर.

दसऱ्याला गाडी धुतली, बोनेट उघडून हळदकुंकू वाहिलं आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे नारळाचं पाणी थेट इंजिनावर शिंपडलं. दुसऱ्या दिवशी गाडी उचक्या देऊ लागली आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्या हर्षदने मशीन जोडलं (त्याचा देवापेक्षा मशीनवर विश्वास). निदान आलं, तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथे इंधन नीट पेटत नाही. त्याने प्लग बदलला, गाडी झकास. तुम्हाला फोन केला तर तुम्ही म्हणालात, "गाडयेक नजर लागली हा. आणखी एक नारळ फोड." फोडला. दिवा परत. मग प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल बदलली, गाडी सुधारली, त्या आनंदात पुन्हा नारळ, पुन्हा दिवा. मशीन दर वेळी तिसऱ्याचंच नाव घेई. शेवटी हर्षद अख्खं इंजिन खोलायला निघाला. तिकडे वर्सोव्याच्या कमलमावशीने (तिची मासळी मी रोज हॉटेलांत पोचवतो) बजावलं की आता उशीर झाला तर पाट्या दुसऱ्या टेम्पोत जातील. मामा, नोकरी सोडून मिळवलेलं हे एकच गिऱ्हाईक. माझं धाबं दणाणलं.

मग बायकोने, श्वेताने विचारलं, तू नारळ फोडतोस नेमका कुठे? मी जागा दाखवली. तिने तिसऱ्या कॉइलच्या वायरचा सॉकेट उपसला, तर आत कुंकवाचा चिकट चिखल. मशीन खोटं बोलत नव्हतं, तिसरा बिचारा आजारी होताच. फक्त त्याला दर वेळी आंघोळ आपणच घालत होतो. पुसून, सुकवून बसवल्यावर गाडी सुतासारखी सरळ झाली. ती तेव्हापासून माझ्याकडे बघून नुसती हसते.

तुमचा भाचा,
देवेश

ता. क. गोणीभर नारळ घेऊन येताय असं कळलं. जरूर आणा, सोलकढीला लागतील.

आणखी एक ता. क. पत्र संपवतोय तोच खाली ठक्क आवाज आला. आई, म्हणजे तुमची धाकटी बहीण, उघड्या बोनेटपाशी उभी, हातात फोडलेला नारळ. गाडी सुरू करून बघितली, दिवा लागलाय. ती माझं ऐकत नाही, श्वेताचं तर नाहीच. थोरल्या भावाचं ऐकते. म्हणून या पत्राचा फोटोच मोबाइलवर पाठवतोय. आत्ताच्या आत्ता तिला फोन करा आणि बोनेट बंद ठेवायला सांगा. नारळ फोडू नको, असं मात्र सांगू नका. उद्या कमलमावशीची मासळी न्यायची आहे, आणि नारळ न फोडता गाडी काढायला माझाही जीव धजत नाही.