शिळं वाटण

प्रिय शेवंतीवयनी,

तुला जाऊन सोळा दिवस झाले. आपली दारं समोरासमोर. जे आज लिहिते आहे ते उठून तुझ्या पडवीत येऊन कधीही सांगता आलं असतं. नाही सांगितलं. परवा शाळेत तुझी शोकसभा झाली. तुझ्याबरोबर सगळ्यांत जास्त वर्षं काम केलेली म्हणून शाळेच्या मोठ्या बाईंनी मलाच बोलायला लावलं. तिथे काय झालं ते तुला कळवायला नको का?

आठवतं, खाण बंद झाली आणि आमचे हे ट्रक दारात उभा करून घरी बसले होते? तू आलीस आणि म्हणालीस, "सुलभा, रडप पुरे. शाळेच्या पोरांचं जेवण रांधपाचं काम आपल्या बचत गटाक मेळलां. फाल्यां सकाळीं ये." दुसऱ्या दिवसापासून मी तुझ्या मागच्या पडवीत कांदे चिरू लागले. कधी चण्याची भाजी आणि पाव, कधी पुलाव. मुलं आमच्यासारख्यांचीच, काही दोडामार्गाकडून मजुरीला आलेल्यांची. बरीचशी नुसत्या चहावर शाळेत यायची. तू एकेकाला दुसऱ्यांदा डाव भरून वाढायचीस. मी कुरकुरायचे, शेवटच्यांना पुरणार नाही. तरी पुरायचं. कसं पुरवायचीस गं?

आता त्या दिवसाचं.

सकाळी वीज जाते म्हणून खोबऱ्याचं वाटण मी आदल्या संध्याकाळीच घरी करून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. नेमकी रात्रभर वीज नव्हती. सकाळी डबा उघडला तर किंचित आंबूस वास आला. मला कळला, वयनी. कळला नाही असं मी इतकी वर्षं स्वतःलाच सांगत आले. पुन्हा नारळ फोडायचे, किसायचे, वाटायचे, म्हणजे उशीर होणार आणि मुलं खोळंबणार. दोन आमसुलं जास्त टाकली आणि भाजी उकळली. तू गुडघा दाखवायला डिचोलीला गेली होतीस. तू असतीस तर ते पातेलं शाळेत गेलंच नसतं.

चार मुलांना उलट्या झाल्या. तिघं संध्याकाळी घरी आली. दुसरीतल्या सायलीला दोन दिवस सलाईन लावलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी तुला बाजूला ओढून सांगितलं, "वयनी, वाटण कालचं होतं."

"कोणाक सांगलां?"

"कोणाक ना."

"मगीर उगी राव." मग गप्प राहा, एवढंच म्हणालीस.

चौकशीला साहेब आले. वाटण कोणी केलं, म्हणून त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "मी केलं. काल करून ठेवलेलं." मी तुझ्या शेजारी उभी होते. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. मागाहून मी रडायला लागले तेव्हा म्हणालीस, "माझं एकटीचंच नाव आलं तर गट उरतलो, पोरांचं रांधप चालू रावतलं. तुझ्या घरात दुसरं काय आसा?"

आणि तसंच झालं. पंधरा दिवस मुलं कोरड्या बिस्किटांवर राहिली, मग गटाला परत काम मिळालं. तुला मात्र चुलीपाशी यायला बंदी झाली. ज्या पातेल्यांवर तू हौसेने गटाचं नाव घालून घेतलं होतंस, ती मी घासत राहिले.

तू मला विचारलं का नाहीस, वयनी? हा राग आहे माझा. तुझ्या उपकाराखाली मी तुझ्याशी धड बोलू शकले नाही. तुझ्या दारावरून जाताना मान खाली घालायचे. तुला वाटलं असेल, कामात आहे बिचारी. की तुला सगळं कळत होतं?

परवा शाळेत मी उभी राहिले. बोलायचं ठरवून गेले होते, 'वयनी मायाळू होत्या' वगैरे. पण पहिल्याच वाक्याला दमले. खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं. म्हटलं, "ते वाटण माझं होतं." सगळं सांगितलं. नंतर बाई हळूच म्हणाल्या, "मला हे वर कळवावं लागेल." तेव्हापासून मी घरी आहे.

काल सायलीची आई आली. उंबऱ्यातच उभी राहिली. "वयनी मला बघून वाट बदलायची," म्हणाली. "मला वाटायचं, केल्याची लाज वाटते तिला. मीही कधी हाक मारली नाही." मी माफी मागू लागले तर तिने थांबवलं. "माझं राहू दे. वयनीच्या घरी सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. तिनेच मला तुझ्याकडे नेलं. तुझे यजमान, भाऊ, आरामखुर्चीत बसले होते. मला वाटलं होतं, निदान त्यांना तरी तू सांगितलं असशील. सगळं ऐकून ते म्हणाले, "मी तिला एकदा बोललो होतो. पोरांच्या जिवाशी खेळलीस म्हणून." मग म्हणाले, "तेव्हासुद्धा गप्प राहिली ती."

सायलीच्या आईने आत जाऊन चहा केला. आम्ही तिघांनी तो प्यायला.

गटात मला ठेवतील की काढतील, ठाऊक नाही. त्याची भीतीही आता वाटत नाही, वयनी. नुसता थकवा आहे. पण आजारी पडलेल्या मुलांची अजून तीन घरं उरली आहेत. दोन आपल्याच वाड्यावरची. तिथे उद्या सकाळी जाते. तिसऱ्या घरची मुलगी, तेव्हा सातवीतली, आता लग्न होऊन केरीला दिली. म्हापशाहून बस बदलून जावं लागतं. तिच्याही दारात जाऊन तुझं नाव घेईन, आणि मग माझं.

तुझी,
सुलभा