साठाच्या पुढची नावं

मंगळ., ६ फेब्रु. ७९
पुन्हा तेच. एकसष्टावं नाव टाइप केलं आणि संगणक गप्प. मेमरी भरली. रक्तदात्यांच्या वहीत अजून सव्वाशे नावं पडून.
प्राचार्य डोकावले. "बाई, मार्चनंतर हे खोकं कपाटात. लॅबला टेबल हवंय." 

गुरु., ८
अमेरिकेतून माजी विद्यार्थ्याचं पार्सल. संगणकाचे सुटे भाग यानेच पाठवले होते. आता मेमरीचं दुसरं कार्ड, बत्तीस चिप्स सुट्या. आमचे लॅब असिस्टंट सिद्रामप्पा हात धुऊन आले, मगच उघडलं.
यादी त्यांच्यामुळेच सुरू झाली. नोव्हेंबरात त्यांची लेक गंगा बाळंतपणात गेली. बी निगेटिव्ह रक्त हवं होतं. दिवसभर सायकलवर गाव पालथं घातलं. तसल्या रक्ताचा माणूस मागच्याच गल्लीत राहतो, हे आठवड्याने कळलं. मग वही घेऊन घरोघर जाऊ लागले. कुणी सांगितलं नव्हतं.

शनि., १०
मुद्दाम सुती साडी. नायलॉनची बारीकशी ठिणगीसुद्धा चिप मारते.
दुपारपर्यंत बत्तीसही बसवल्या, कार्ड खाचेत घातलं. नावं साठाच्या पुढे गेली. वाचून पाहिली तर सत्तरच्या पुढे घोळ. 'पाटील' लिहिताना इंग्रजी 'आय'च्या जागी 'एच'. अशी यादी दवाखान्याला कशी द्यायची? भलत्याच पत्त्यावर माणूस धावला तर...

सोम., १२
बिघडलेलं अक्षर दरवेळी एकानेच मागे पडतं. एक अक्षर आठ चिप्समध्ये वाटून साठतं, म्हणजे दोष त्या आठांतल्या एकाच चिपचा.
प्राचार्य म्हणाले, मुंबईला पाठवून द्या. म्हटलं, नाही सर, इथंच होईल.
सि. भिंग घेऊन बसले. "बाई, हितं बगा. येक पाय आत दुमडलाय की. वरनं दिसतच न्हाय."
सरळ करताना तुटला तर संपलं, जादा चिप नाही. मी चिमटा उचलून परत खाली ठेवला.
"द्या हिकडं. मागावर तुटल्यालं सूत सांधत वाढलोय मी."
चिमट्याने दोनदा हलकंच दाबलं. चिप बसली. 'पाटील' पाटीलच आला. सि. वही उघडून पुढचं नाव वाचायला लागले.

शुक्र., २३
एकशे पंच्याऐंशी नावं भरून झाली. लाइट दोनदा गेली, दोनदा कॅसेटवर साठवून ठेवलेलं सगळं परत चढवलं. दवाखान्यात जाऊन सांगून आले, कॉलेजला फोन करा. तिथला कारकून हसला. हसू दे.

सोम., ५ मार्च
सव्वातीनला प्राचार्य स्वतः लॅबमध्ये. धाप लागलेली. दवाखान्याचा फोन त्यांच्या खोलीत आला होता. बाळंतीण आहे, बी निगेटिव्ह.
दोन नावं निघाली. पहिलं सि.च्या मागच्या गल्लीतल्या माणसाचं. "त्यो नातेपुत्याला गेलाय. बुदवारी येनार." दुसरं अठ्ठ्याऐंशीवं, नवी पेठेत कापडाच्या दुकानात कामाला. दुकानात फोन नाही. मी पत्ता वाचून संपवायच्या आत सि. जिन्यात होते. खालून सायकलची घंटी ऐकू आली.
चार वाजत आले, सि. अजून परतले नाहीत. डॉक्टर फोनवर म्हणाले, ओ निगेटिव्हही चालेल. ती नावं काढते आहे. प्राचार्य स्टुलावर बसून एकेक पत्ता कागदावर उतरवून घेताहेत.