तीन महिने भरायच्या आधी

डिंभे,
२२ जानेवारी २००४

प्रिय शीले,

माझं पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धड आहेत. फोनच करणार होते, पण इथल्या बूथवर एक बोलतो आणि सगळी आळी ऐकते.

रविवारी तू डिंगोऱ्याहून मला बघायला आलीस, बरं वाटलं. हर्षाली तू आणलेली बोरं अजून पुरवून पुरवून खातेय. मी उठते, भाकऱ्या थापते, कुणी विचारलं तर बरी आहे म्हणते. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू, कशातच जीव रमत नाही. घर रिकामं झालं की गोधडी तोंडावर घेऊन पडून राहते. जुन्या व्रणावरच पुन्हा टाके पडलेत. पहिल्या वेळी तिथून हर्षाली आली, या वेळी गर्भपिशवीच गेली. संक्रांतीला माझी ओटी भरताना शेजारणीचा हात क्षणभर थांबला, तो मला दिसला. हर्षालीचे बाबा एका शब्दानं बोलत नाहीत. धरणात जाळं टाकायला जातात आणि अंधार पडेपर्यंत येत नाहीत. त्यापेक्षा भांडले असते तर बरं झालं असतं.

दिवाळीत पाळी चुकली तेव्हा किती खूश होते मी. तुलासुद्धा सांगितलं नाही. तीन महिने भरल्याशिवाय पोटातली गोष्ट उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, दृष्ट लागते, हे आपण दोघी आईकडूनच शिकलो. दवाखान्यात जायचं तर जीपमध्ये सगळा गाव मांडीला मांडी लावून बसलेला, न सांगताच कळायचं. म्हणून गेलेच नाही. मग थोडं थोडं रक्त दिसायला लागलं. सासूबाईंनी माझ्या हातातला हंडा काढून घेतला. "कवळं हाय, व्हतं असं. बोभाटा करू नगं, तीन म्हैने जाऊ दे," म्हणाल्या. त्यांना दोष कसा देऊ? त्यांची पाचही बाळंतपणं घरात झाली, पोटाला कधी सुरी लागली नाही. सिझर झालेल्या बाईचं निराळं असतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

खळ्यावर भात झोडत होते. पोटात काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि मी तिथंच पडले. मंचरच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर डॉक्टरबाईंनी सांगितलं, गर्भ जुन्या सिझरच्या व्रणातच रुजला होता. वाढला तशी तिथली भिंत विरत गेली आणि पिशवी फाटली. असं क्वचितच होतं म्हणाल्या. पण सिझर झालेल्या बाईनं पाळी चुकली की लवकर सोनोग्राफी करून गर्भ जागेवर आहे का ते बघायचं. माझा गर्भ तसाही टिकला नसता, पण वेळेत कळलं असतं तर पिशवी बहुतेक वाचली असती. ते 'बहुतेक' मी रोज चघळते.

आता ऐक. रविवारी मी माशाचं कालवण केलं. लहानपणी माझ्या ताटातला तुकडा पळवणारी तू पदर नाकाला लावून अंगणात जाऊन बसलीस. उपास आहे म्हणालीस. शीले, रविवारी तुझा कसला उपास? तू का बोलली नाहीस तेही कळलं. एक तर तीन महिने भरले नाहीत, आणि दुसरं, पिशवी काढलेल्या बहिणीपुढं कसं बोलायचं. मला हेवा वाटला. रात्रभर वाटला, आताही वाटतोय. पण सुदर्शनच्या वेळी तुझंही सिझरच झालंय. तुझ्या दाजींना मी काही सांगितलेलं नाही, शीलाला मंचरला न्यायचंय एवढंच म्हटलंय. हे पत्र तेच हातात देतील. जीप त्यांनी फक्त तुमच्या दोघांसाठी ठरवलीय, शेजारी कुणी बसणार नाही. सुदर्शनला तुझ्या सासूबाईंपाशी ठेव, चपला घाल आणि नीघ.

तुझीच,
रत्नाताई