परातीत घातलेला हात

माय, तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते. पुढं शाळा काही धड झाली नाय. वेरूळला माळा विकल्या, खुलताबादला एका दुकानात राहिले, कुठंच पाय टिकला नाय. आता चितेगावच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं संडास-बाथरूम धुते. व्हय, तुझंच काम. तू काय म्हणाली असतीस, ते राहू दे.

आमचा संप चालूय. गेटसमोर मांडव, दगडांची चूल, आणि पहिल्याच दिवशी कुणी न सांगता कामं वाटली गेली. लाइनवरच्या बाया भाकरी थापणार, आम्ही सफाईवाल्या, म्हणजे आपल्या वस्तीतल्या आणि एक मुसलमान आपा, भांडी घासणार. मला तुझा संप आठवला. राखेनं सोललेले हात घेऊन तू घरी येतेस, स्टोव्ह पेटवतेस. मी विचारते, "माय, युनियन जिंकली?" "ती जिंकली. मी भांडी घासली." मी हसले तर पाठीत धपाटा.

आज दुपारी आमचे पुढारी, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, बोलणी करायला आत निघाले. सफाईवाल्यांना कायम करा, ही मागणी तेवढी बाजूला ठेवू म्हणाले. "आधी पर्मनंटवाल्यांचं होऊ द्या. इथं बाई-माणूस, जात-बित काय नाय. आपण सगळे कामगार." आपानं पातेलं आपटलं. "मग या की भाऊ, भांडी घासायला!" कुणी हसलं, कुणी नाय. मला काय झालं कुणास ठाऊक, मी उठले आणि परातीतल्या पिठात हात घातला. थापणारी बाई झटकन मागं सरकली. मी थापली, तव्यावर टाकली. माझी भाकरी फुगली नाय, कडेनं चिरली. तशीच ताटात टाकून भाऊंपुढं धरली. "ही खाऊन आत जा. नायतर एकी-बिकी म्हणू नका." भाऊ घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात एक म्हातारे ऑपरेटर काका पुढं आले. भाकरी मोडली, अर्धी स्वतःच्या तोंडात, अर्धी भाऊंच्या हातात. "खा, गरम हाय." भाऊंनी खाल्ली. लई वेळ चावत होते. मग आमची मागणी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली आणि आत गेले. अजून बाहेर आले नायत. आत वाचतील का गिळतील, कुणाला माहीत. सगळ्यांचे डोळे गेटावर आहेत.

हे पत्र कुठं टाकायचं, तुझा पत्ता तर नाय. एक सांगते. काका म्हणाले, "मायनं शिकवलेली दिसती भाकरी." मी व्हय म्हणाले. तू तर मला पिठाला हातसुद्धा लावू दिला नायस. म्हणायचीस, आधी पुस्तक उघड.