माझ्या हातून चालत नाही

वेंडेल,

हॉस्पिटलात डबल शिफ्ट आहे, तुला उठवलं नाही. टोस्टरजवळ पिवळा लिफाफा ठेवलाय, तो आज माझ्या भावाला, डॅरिलला, नेऊन दे. रविवारी मी दिला, तो कोर्टानं धरला नाही. काल कोर्टाच्या खिडकीवरची बाई म्हणाली, "दावा तुमचा, मग कागद तुम्हीच कसे देणार? तिऱ्हाइतानं द्यायला हवेत." माझा नवरा असलास तरी तू तिऱ्हाईत आहेस म्हणे. बावीस वर्षं त्याच्याबरोबर मासे धरतोयस, पण दाव्यात तुझं नाव नाही.

सुनावणी चोवीसला आहे. त्याच्या वीस दिवस आधी कागद पोचायला हवेत, म्हणजे आजच.

शनिवारी दुपारी तो घरापुढे ट्रक धूत असतो. हातातच दे. घेईना तर पायाशी ठेव आणि कसले कागद आहेत ते सांग. आईच्या पियानोवरून वाद घालू नकोस. मला न विचारता त्यानं तो भंगारात दिला, ते मी जजला सांगेन. मग टोस्टरजवळच ठेवलेला, कागद पोचवल्याचा फॉर्म भर, तारीख, वेळ, पत्ता, आणि सही कर. मॅकरोनी ओव्हनमध्ये आहे.

एक सांगायचं राहिलं. रविवारी दार उघडून मला बघितलं तेव्हा तो हसला. तीन वर्षं आम्ही बोललो नव्हतो. आत बायकोला ओरडून म्हणाला, "कॉफी टाक गं, लोर्ना आलीय!" मग मी लिफाफा पुढे केला.

तुलाही कॉफी विचारेल. आधी कागद दे.

लोर्ना