वाडीचा टँकर आणि मेव्हण्याची विहीर

३ एप्रिल
ड्रायव्हर गफूरभाईचा पाण्याचा टँकर पुन्हा गॅरेजात. काळा धूर. नोझल काढून धुतले, एअर फिल्टर झटकला, ओंजळभर फुफाटा निघाला. लातूर वेगळा जिल्हा झाल्यापासून तिथून कागदावर कागद. लिटरला किती कि.मी.? कमी का? आमच्या सहकारी संघाच्या मॅनेजरनं भिंतीवर 'डिझेल वाचवा' रंगवून घेतलं. जबाबदार मेकॅनिक, म्हणजे मी. नवे नोझल मागून दोन महिने झाले, त्यावर मात्र चिडीचूप.

५ एप्रिल
सगळ्या टायरांत हवा कमी. भरली. टाकीच्या झाकणाला रबरच नव्हतं, खड्ड्याखड्ड्याला पाणी उसळून केबिनीत सांडायचं. जुनी ट्यूब कापून बसवली. संध्याकाळी गफूरभाई खूश. "उस्ताद, आज पाठ कोरडी राहिली."

८ एप्रिल
स्वतः खेपेला गेलो. औशाहून मांजरा नदीकाठी, तिथून भरून वाडीला. तासन् तास धूळ. वाडीत टाकी रिकामी व्हायला वीस मिनिटं. एक म्हातारी म्हणाली, "लेकरा, कशाला येवढ्या लांबून आणायलास? त्या मळ्यात मोटार चालू हाय की."
मळा शिवमूर्तीचा. बायको महादेवीचा सख्खा भाऊ. दिवाळीत त्याच विहिरीवर आंघोळ केली होती मी. पाइप गुंडाळायला घेतला. गफूरभाईनं माझ्याकडं बघितलं.

९ एप्रिल
सायकलनं शिवमूर्तीकडं. "शरणार्थ, दाजी," त्यानं हात जोडले. पाणी दिलं, गूळ दिला. विषय काढला तसा उठून बांधावर नेलं.
"मोसंबीला नऊ वरीस झाले. येक उन्हाळा पाणी तुटलं की सरपण. घागर घेऊन आलेल्याला मी न्हाई म्हणलो न्हाई, दाजी. पण टँकर लागला की तळ दिसस्तोवर हटत न्हाई."
खोटं नाही बोलत. म्हणून जास्त वैताग.

१२ एप्रिल
अ‍ॅव्हरेज किंचित सुधारलं. मॅनेजर म्हणे, "शाबास! अजून थोडं काढा." डोकंच फिरलं. "साहेब, इंजिनातून निघायचं ते निघालं. आता रस्ता कमी करा. पाणी वाडीजवळ आहे."
"कुणाकडं?"
सांगितलं नाही.
"मग लेखी द्या."

१३ एप्रिल
महादेवीला सांगितलं, विहिरीचं लेखी मागितलंय. भाकरी थापता थापता थांबली. "माझ्या भावाचं नाव तुमच्या अक्षरात जाणार?" हो म्हणालो. "पहिल्या वर्सी मी डोक्यावर पाणी नेऊन घातलंय त्या झाडांना." बस, एवढंच. जेवण वाढलं.

१६ एप्रिल
लिहिलं. विहिरीचा पत्ता, वाचणारं डिझेल, मालकाचं नाव. शेवटी: उपसा निम्माच करावा, बाकी पाणी झाडांना ठेवावं. मॅनेजरनं नेमकी तीच ओळ खोडायला पेन काढला. "हे आपलं काम न्हाई." मी कागद ओढून घेतला. पुन्हा लिहून दिला, ती ओळ सगळ्यात वर.

२१ एप्रिल
लातूरहून उत्तर आलं. विहिरीबद्दल नाही. मागच्या आठवड्याचं अ‍ॅव्हरेज का घसरलं, खुलासा करा. काय करावं या लोकांना! वाडीला टँकर दोन दिवसांआड.

२४ एप्रिल
शेवटी तहसीलची माणसं जाऊन विहीर मापून आली म्हणे. किती भरलं, कुणी सांगत नाही. महादेवी आता कामापुरतं बोलते. मुलांना सुट्टी लागली तरी माहेरी जायचं नाव काढत नाही.

२६ एप्रिल
दुपारी शिवमूर्ती गॅरेजात. स्टूल पुढं केलं, बसला नाही.
"दाजी, निम्मं ठिवा म्हणून लिवलंय म्हणं तुम्ही."
"लिवलंय."
"वाचतेत का पर ते?"
त्यांनी आजवर माझं काय वाचलंय, मला तरी कुठं ठाऊक. चहा मागवला. न घेताच निघाला. रस्ता ओलांडून स्टँडकडं न जाता आमच्या घराच्या गल्लीत, बहिणीकडं वळला. मी हातातला पाना ठेवला. मागोमाग जावं की नको, कळेना.