वरचा सूर

बर्डिचेव्ह, ६ मे १९२९
चि. सौ. हिंदास अनेक आशीर्वाद. वि. वि.
आम्ही ठीक, म्हणजे जिवंत. बाबांच्या हाताखाली सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणाऱ्या त्या मुलांपैकी आता इथे कोणी नाही. मी चार नवी पोरं जमवलीत. गळे गोड, अंगात वांडपणा. पण योम किप्पूरच्या उपासाला बाबांची चाल बसवू कशी? दुसरे गवई पळवतील म्हणून त्यांनी ती कधी कागदावर उतरवली नाही, आणि प्रत्येकाला फक्त त्याचाच सूर शिकवला. मला खालचा येतो. वरचा येणारा येकुतिएल हिवाळ्यात वारला. मुलींनी तिथे गायचं नाही, तरी तू बायकांच्या सज्जात तोच गुणगुणायचीस आणि मार खायचीस. आठवतोय का गं? यंदा ती चाल झाली नाही, तर बाबांचं काहीच उरणार नाही.
तुझा,
झेलिगदादा

ब्वेनोस आइरेस, २ जुलै १९२९
ती. झेलिगदादास सा. न. वि. वि.
मार आठवतो, मग चाल कशी विसरेन? तेव्हा चुगली तूच करायचास, आणि आता लाडीगोडी! भांडी घासताना मी तीच म्हणते. आमचे हे विचारतात, दुसरं काही येतं की नाही. शेजारच्या पियानोवाल्या बाईंनी ऐकून स्वर उतरवून दिलेत, सोबत आहेत. दादा, मला पुढे म्हण असं आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगितलं. मी तिथेच रडले. पोरांनी म्हटली की लगेच कळव. पाकिटावर तुझं अक्षर दिसेपर्यंत जीव थाऱ्यावर नसेल.
तुझीच,
हिंदा

बर्डिचेव्ह, २० ऑक्टोबर १९२९
चि. सौ. हिंदास अनेक आशीर्वाद.
कागद पोचला. तुझी आठवण पक्की निघाली. पोरांनी चाल छान उचलली. पण उपासाच्या आधीच सिनेगॉगला सरकारी कुलूप लागलं. आत आता धान्याची पोती आहेत. मी पोरांना घरी बोलावलं, तर त्यांच्या आया येऊन गयावया करून गेल्या, मुलांना शाळेतून काढतील म्हणाल्या.
उपासाच्या संध्याकाळी तुझा कागद समोर ठेवून मी एकट्यानेच माझा खालचा सूर धरला. वरचा नसला की तो नुसता कण्हल्यासारखा वाटतो. समोरच्या खोलीत नवीन आलेल्या बाईला वाटलं, मला बरं नाही. बिचारी चहा घेऊन आली. उपास आहे, हे सांगायचीही आता सोय नाही. मी तो तिच्यासमोर प्यायलो.
कागद परत पाठवतोय. भांडी घासताना म्हणत जा. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवून आता काय करायचं.
झेलिग